बिराची झील

बिरानं आजवर स्वतःचं एकही कडवं म्हटलेलं नाही. तरीही आमच्या ‘छावणी’ची गाणी लागली की गर्दीतली पोरं जे ओरडतात, ते बिराचं असतं. विकासनं आठवडाभर डोकं खाजवून जुळवलेली ओळ लोक विसरतात. त्या ओळीचं शेपूट बिरानं पकडून परत हवेत भिरकावलेलं असतं, ते मात्र तोंडात बसतं. शहरातल्या रॅपवाल्यांत अशा माणसाला काहीतरी इंग्रजी नाव आहे. आमच्याकडं त्याला झीलकरी म्हणतात. गाणारा ओळ म्हणतो, झीलकरी तिचा शेवट धरतो आणि ओढतो. धनगरी ओव्यांत हे पूर्वीपासून चालत आलंय. बिराचा चुलता मल्लूआप्पा ओव्या गायचा आणि बिरा दुधाचे दात पडायच्या वयापासून त्याच्या मागं उभा राहून झील धरायचा. रॅपमध्ये आला तेव्हा त्याला नवीन असं काही शिकावं लागलं नाही. “ढोल गेला, डबा आला,” एवढंच तो म्हणाला होता. डबा म्हणजे अस्लमचा कॉम्प्युटर.

छावणी हा आमचा गट. जत तालुक्यातला, आपल्या बोलीत रॅप करणारा पहिला गट. पहिला, हे मी ठासून सांगते, कारण आता गल्लोगल्ली गट झालेत आणि प्रत्येकाला आपणच पहिले असं वाटतं. विकास लिहायचा आणि म्हणायचा, अस्लम संगीत जुळवायचा, बिरा झील धरायचा. उरलेलं मी बघायची. मेल, अर्ज, गाणं इंटरनेटवर चढवणं, कुणाकुणाला फोन करून “सर, ऐकलं का?” म्हणून विचारणं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, त्यामुळं इंग्रजीतलं जे काही येईल ते आपोआप माझ्याकडं यायचं. पण हे लिहायला बसले ते बिराबद्दल.

उंच, वाळका, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. उन्हाळ्यातसुद्धा. चालताना, चहा पिताना, फोटो काढताना तो कायम तुमच्या उजव्या खांद्याच्या अर्धं पाऊल मागं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हा पोरगा अंगरक्षक म्हणून ठेवलाय. आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडं तो बघायचाच नाही, तोंडाकडं बघायचा. माझी आई पहिल्या भेटीत दोनदा पदरानं ओठ पुसून आली. मग मला आत बोलावून म्हणाली, “बग गं, माज्या तोंडाला काय लागलंय का?”

त्याला मी कधी भांडताना बघितलं नाही. साधं बोलणंसुद्धा झील धरल्यासारखंच.

“बिरा, आज लय ऊन हाय रं.”

“ऊन हाय की. ऊन.”

“च्या घ्यायचा का?”

“घ्यायचा. घ्यायचा.”

फार पटलं तर कन्नडात “हौदु, हौदु” म्हणायचा, कारण त्याची आई सीमेपलीकडची. पण कुणी थाप मारली की हा गप. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. नुसता त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचा, पुढचं खरं वाक्य कधी येतंय म्हणून वाट बघत असल्यासारखा.

आम्ही चौघं भेटलो ते चाऱ्याच्या छावणीत. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता आणि गावोगावची जनावरं एका माळावर आणून बांधली होती. जनावरांबरोबर माणसंही तिथंच. माझी पुस्तकं आणि आमच्या दोन म्हशी एकाच शेडनेटखाली. विकासच्या चार गाई पलीकडं. बिराच्या घरची मेंढरं लांब चरायला गेलेली, पण घरच्या दोन बैलांसाठी त्याला ठेवलेलं. अस्लमचं जनावर नव्हतं. त्यानं छावणीच्या दारात मोबाईल चार्ज करून द्यायचं टेबल टाकलं होतं. दिवसभर काम काय? पाणी पाजायचं, शेण काढायचं आणि पेंडीच्या गाडीची वाट बघायची. विकास पाण्याच्या लोखंडी पिंपावर थापा मारत काहीबाही जुळवायचा. एकदा त्यानं सुरू केलं,

पेंड येनार, पेंड येनार, गाडी आली रिकामी,

आणि मागून बैलांच्या रांगेतून अचानक खणखणीत आवाज आला, “रिकामी रं, रिकामी!”

विकासनं मान वळवली. अर्धं पाऊल मागं बिरा उभा. विकासनं पुढची ओळ टाकली,

सायेब आला, फोटू काढला, म्हशीला दिली सलामी.

“सलामी रं, सलामी!”

सगळी छावणी हसली. त्या दिवसापासून गट सुरू झाला असं मी धरते.

छावणीत बिराच्या गप्प बसण्याची ख्याती झाली होती. छावणीचा मुकादम रोज सकाळी रांगेपुढं उभा राहून सांगायचा, “उद्या वली वैरण येनार म्हंजी येनार.” आणि सगळे मुकादमाकडं न बघता बिराकडं बघायचे. बिरा गप. म्हातारी माणसं पटके सारखे करत उठायची, “चला रं, न्हाई येत वैरन.” मुकादम एवढा वैतागला की एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “ये धनगरा, बोल की काय तर!” बिरा म्हणाला, “बोला की तुमी. म्या ऐकतोय.” आणि पुन्हा गप्प.

मी त्याला विचारलं, हे काय तुझं? तर म्हणाला, “अक्का, आमच्यात ओवी तासन्‌तास चालती. गानारा कवा कवा इसरतो. राजा ह्या काठाला हुता, एकदम त्या काठाला न्हेऊन ठिवतो. नदी कशी वलांडली सांगतच न्हाई. तवा झीलकऱ्यानं वरडायचं न्हाई. गप बसायचं. गानाऱ्याला कळतं. त्यो मागं येतो, होडी आनतो, राजाला बशिवतो, मग आमी झील धरतो.”

“आणि नाहीच कळलं तर?”

“तर मंग गाणं तितंच थांबतं,” तो म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

छावणी उठल्यावर पुढच्या साली पहिलं रेकॉर्डिंग अस्लमच्या जतच्या दुकानात झालं. दुकान कसलं, रस्त्याला लागून एक गाळा. बाहेरून ट्रॅक्टर गेला की आत भिंती हलायच्या. अस्लमनं कुठंतरी वाचलं होतं की आवाज शोषायला जाड कापड लागतं. बिरा दुसऱ्या दिवशी खांद्यावर चार घोंगडी घेऊन हजर. मेंढराच्या लोकरीची, चुलत्याची, आजोबाची. आम्ही ती दोरीवर टांगून एक खोपटं केलं आणि भर एप्रिलात विकासला आत कोंबलं. ट्रॅक्टर खरोखरच ऐकू येईना. पण घोंगड्याची लोकर नाकात जायची, अंगाला टोचायची, आणि वास असा की अस्लमची अम्मी जेवण द्यायला आली ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, “अरे, बकरा आत हाय का भाईर?”

विकास कडवं म्हणायचा आणि शेवटच्या ओळीला शिंकायचा. दर खेपेला. शेवटी एकदा पूर्ण कडवं निभावलं, बिरानं झील धरली, आणि झील संपता संपता विकास शिंकला. अस्लम म्हणाला, “कापतो ती शिंक.” बिरा म्हणाला, “कशाला? शिंकला न्हवं? मंग ऱ्हाऊ दे.” ती शिंक आजही गाण्यात आहे. पुढं एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं की धुळीच्या प्रदेशाचं प्रतीक म्हणून वापरलेला हा ध्वनी फार बोलका आहे. आम्ही ते बिराला वाचून दाखवलं. बिरा गप्प.

त्या गाण्यानं आमचं नाव आटपाडीपासून मिरजेपर्यंत गेलं आणि एका मुंबईच्या कंपनीचा मेल आला. मी तो तीनदा वाचला. त्यांना आमचं पाण्यावरचं नवीन गाणं पाहिजे होतं. सांगलीतल्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, कंपनीचा माणूस स्वतः येणार, गाणं पसंत पडलं तर पुढच्या सहा गाण्यांचा करार. विकासनं ते ऐकून दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरच उड्या मारल्या. त्याच्या वर्गातली पोरं भरतीला पळत होती, कुणी लागली होती, कुणी पुण्यात कंपनीत होती. हाच एक गावात पिंप बडवत बसलेला, असं त्याला रोज ऐकावं लागायचं.

आम्हाला सांगलीला नेलं विकासच्या वडलांनी. दत्तूतात्या पाण्याचा टँकर चालवायचे. जाडजूड माणूस, मिशीला पीळ, आवाज असा की टँकरचा हॉर्न वाजवायची गरज नाही. टँकरची टाकी गळत होती, ती मिरजेला वेल्डिंगला न्यायची होती, म्हणून म्हणाले, “चला, बसा म्होरं. तुमची कंपनी बगू तरी.” केबिनमध्ये मी, तात्या आणि विकास, अस्लम कॉम्प्युटर मांडीवर घेऊन दारापाशी, आणि बिरा मागं, टाकीच्या शिडीला धरून. आत ये म्हटलं तर म्हणाला, “हितं वारं हाय.”

स्टुडिओ मोकाशी नावाच्या गृहस्थांचा. भजनं, प्रचाराची गाणी, लग्नाच्या चित्रफिती असं सगळं करणारे. माणूस शिस्तीचा. काचेपलीकडं बसायचे, कानाला हेडफोन, समोर थर्मास. त्यांनी पद्धत सांगितली: आधी विकासनं एकट्यानं आत जाऊन सगळं गाणं म्हणायचं, तो बाहेर आला की बिरानं आत जायचं, हेडफोन लावायचे आणि झील म्हणायची.

विकासचं झालं. बिरा आत गेला. हेडफोन लावले. संगीत वाजलं, विकासची ओळ वाजली, बिरा इकडंतिकडं बघत उभा.

“म्हणा!” मोकाशी म्हणाले.

“कुनापुडं म्हनू?”

“हेडफोनमध्ये आहे ना तो.”

“आवाज हाय. मानूस कुठाय? त्येचं त्वांड दिसंना.”

मोकाशींनी विकासला काचेबाहेर उभं केलं आणि सांगितलं, आवाज न काढता नुसते ओठ हलव. विकासचे ओठ घाईत एक ओळ पुढं गेले. बिरानं कानातली ओळ सोडून ओठांवरच्या ओळीची झील धरली. मोकाशींनी कपाळावर हात मारला. “अहो, असं कसं चालेल! कानानं ऐका, डोळ्यांनी काय ऐकताय?” बिरा अजिजीनं म्हणाला, “आवं सायेब, मानूस म्होरं असल्याबगर झील कुनाची धरायची?” शेवटी दोघांना एकाच खोलीत, एकाच माइकपुढं उभं केलं. मोकाशी थर्मासमधला चहा ओतत पुटपुटले, “तीस वर्षांत असलं रेकॉर्डिंग केलं नाही.” पण पहिलं कडवं वाजवून ऐकलं तेव्हा त्यांनीच हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. तेवढ्यानं माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात कंपनीचे समीरसर आले. तरुण, हसतमुख, गोड बोलणारे. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी गाणं ऐकलं, ताल आवडला, झील तर फारच आवडली. मग विकासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सगळं आहे रे, पण पोटात काही तुटत नाही. दुष्काळाचं गाणं आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तुझ्या घरात कुणी... म्हणजे वडील वगैरे?”

“वडील हायत,” विकास म्हणाला.

“असू देत रे. गाण्यात काय, गाण्यात कुणीही जातं. दुसऱ्या कडव्यात एक ओळ टाक. करार मी आजच फायनल करतो.”

विकास कोपऱ्यात जाऊन मोबाईलवर लिहीत बसला. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. ते खोटं आहे हे मला कळत होतं, पण माझ्याही डोळ्यांपुढं तो करारच होता. अस्लमनं ताल पुन्हा लावला. विकास आणि बिरा पुन्हा माइकपुढं उभे राहिले. मोकाशींनी हात वर केला. विकास सुरू झाला,

पाच गावं, एक टँकर, घागरींचा मेळा,

“मेळा रं, मेळा!”

दोर सोडला हिरीमंदी, वर चिखलाचा गोळा,

“गोळा रं, गोळा!”

बाप माजा तहानंनं टाचा घासून मेला.

शांतता. नुसता अस्लमचा ताल वाजत राहिला.

“कट. काय झालं? माइक गेला का?” मोकाशींनी बटणं बघितली. माइक ठीक होता. पुन्हा घेतलं. मेळा झाला, गोळा झाला, बाप मेला, आणि पुन्हा शांतता. बिरा विकासच्या तोंडाकडं बघत शांत उभा. तिसऱ्यांदाही तेच.

समीरसर आत आले. “काय प्रॉब्लेम आहे, बिराभाऊ? ओळ अवघड आहे का?”

“न्हाई. सोपी हाय.”

“मग म्हणा की.”

बिरा गप्प. समीरसरांनी हसून घेतलं आणि विकासला म्हणाले, “राहू दे, झील तूच म्हण. नंतर वरून चढवू. यांना थोडा वेळ बाहेर बसू दे.” बिरा दाराकडं निघाला. मला आठवतं, त्यानं हेडफोन काढून नीट घडी करून ठेवले, जशी घोंगड्याची घडी घालायचा तशी. विकासचं तोंड लाल झालं. बिरा बाहेर गेला असता तर गाणं झालं असतं, करार झाला असता, आणि छावणीत बिरा परत उभा राहिला नसता. ते तिथं सगळ्यांना कळत होतं. विकासला सगळ्यात जास्त.

“थांब!” विकास ओरडला. “थांब रं बिरा! गप बसून मारू नगंस मला. बोल की! काय चुकलं?”

बिरा दारात थांबला. मान वळवून विकासच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, “तात्या भाईर हायती, गड्या.”

“ठावं हाय मला!”

“टपरीवर बसल्याती. मगाशी मला म्हनलं, पोरं भुकेली असतील, वडापाव आनू का?”

“मग काय म्हनू मी?” विकास चिडून किंचाळला. पण पायानं ताल धरलेलाच होता, चिडला तरी त्याचा पाय थांबायचा नाही. त्या तालावरच तो बोंबलला, “काय म्हनू? बाप माजा टँकरवाला, भाईर च्या प्याया गेला? असं म्हनू?”

आणि दारातनं बिरानं झील धरली. “च्या प्याया गेला रं, च्या प्याया गेला!”

अशी झील मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. काच थरथरली. विकासला हसू फुटलं, हसता हसता त्यानं पुढची ओळ टाकली, मग त्यापुढची. तात्यांची मिशी आली, गळकी टाकी आली, हॉर्नसारखा आवाज आला, पाच गावांच्या बायका तात्यांना ‘आमचा पाऊस आला’ म्हणतात तेही आलं. बिरा एकेक पाऊल पुढं येत झील धरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समीरसरांना पाहिजे होतं तेच पाणी, फक्त वेगळ्या कारणानं. मोकाशींनी रेकॉर्डिंग बंद केलंच नव्हतं. माणूस शिस्तीचा खरा, पण त्या दिवशी त्यांचा हात बटणावर गेला नाही. गाण्यात आज जे दुसरं कडवं ऐकू येतं, ते हेच, पहिल्या दमातलं.

समीरसरांनी ते पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, “हे विनोदी झालं.” करार झाला नाही. ते गेले. आम्ही बाहेर आलो तर तात्या वडापावची पुडी हातात घेऊन उभे. “झालं व्हय गाणं? मी न्हाई का त्यात?” अस्लम वडापाव तोंडाशी धरून हसायला लागला तो खोकल्यानं बेजार झाला. परतीच्या वाटेवर त्यानंच सगळं फोडलं. तात्यांनी टँकर रस्त्याकडंला घेतला, इंजिन बंद केलं आणि विकासकडं वळून म्हणाले, “मला मारत हुतास व्हय रं, भाड्या? आणि त्येबी तहानंनं? टँकर चालवतो रं मी!”

गाणं आम्हीच चढवलं. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वरातीत वाजलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजलं, जत आणि आटपाडीतल्या टँकरांच्या मागं पेंटरनं ‘च्या प्याया गेला’ असं रंगवलं. तात्यांचा टँकर गावात शिरला की पोरं मागं पळत झील धरायची. तात्या खिडकीतून हात हलवायचे, आमदारासारखा.

त्या गाण्यामुळं विकासला पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. पण एकट्याला. मला वाटलं बिराला वाईट वाटेल. त्यानं विकासची बॅग स्टँडवर नेऊन एसटीत वर ठेवली, खाली उतरला आणि “जा की, जा,” म्हणाला. अस्लमनं दुकान वाढवलं. मला साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. बिरा परत मेंढरांमागं गेला. विकास मोठा झाला, त्याचा अभिमान मला कालही होता, आजही आहे. पण एका मुलाखतीत तो काळा चष्मा लावून म्हणाला, “मी पहिल्यापासून एकटाच होतो. एकट्यानं लढलो.” मी लगेच बिराला फोन लावला.

“ऐकलंस का?”

“ऐकलं, अक्का.”

“मग?”

फोनमध्ये वारं ऐकू येत होतं आणि मेंढराच्या गळ्यातली घंटा. बिरा काहीच बोलला नाही. मग मी इकडचं तिकडचं विचारलं, तेव्हा बोलला. विकासला हे मी सांगितलं नाही. पण कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या तरी त्यानं बिराला फोन केला नाही. तोंड दाखवायची भीती वाटत असणार.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी विकासची गाडी माझ्या घरापुढं उभी राहिली. पांढरा शर्ट, पांढरे बूट, चेहरा उतरलेला. म्हणाला, “अक्का, नवं गाणं झालंय. कंपनीला पसंत हाय, तारीख ठरलीया. पन मला बिराला ऐकवायचंय. त्यो कुठं हाय?”

बिराच्या मेंढरांचा तळ त्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडं होता, कांदा निघालेल्या एका रानात. आम्ही पोचलो तेव्हा बिऱ्हाड घोड्यावर बांधून झालं होतं. पुढच्या गावाला निघायची वेळ. बिराची बायको लेकराला पाठीशी बांधत होती. बिरानं आम्हाला बघितलं, डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधला.

“लय दिसानं, गड्या.”

“लय दिसानं,” विकास म्हणाला. पहिल्यांदाच झील त्यानं धरली होती. मग मोबाईल पुढं केला. “गाणं आनलंय.”

बिरानं मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. “त्यात कशाला? तू हाईस न्हवं म्होरं? म्हन. पन चालत म्हन. मेंढरं निघाली.”

खरंच कळप हलला होता. कुत्री पुढं धावत होती. बिरा काठी खांद्यावर आडवी टाकून चालायला लागला. विकास त्याच्या पुढं गेला, तोंड बिराकडं करून, आणि उलटा चालत म्हणू लागला. संगीत नाही, माइक नाही.

गाडी घेतली, चष्मा घेतला, फोटू आला छापून,

“छापून रं, छापून,” बिरानं सहज धरली. विकासला पुढची ओळ म्हणायला वेळ लागला. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी बांधावरून चालत होते.

जगाम्होरं म्हनलो एकटा, दोस्त ठेवलं झाकून.

मेंढरांच्या खुरांचा आवाज. बिरा गप्प. एक पाऊल, दुसरं पाऊल. विकासचा पाय ढेकळाला अडखळला, तो पडता पडता सावरला, पण वळला नाही, तोंड तसंच बिरापुढं धरून राहिला.

“झाकून रं, झाकून!”

कांद्याच्या रानावरचे बगळे उठले. बिराची बायको घोड्यामागून हसली. मी बांधावरच थांबले, कारण पुढं ओढा होता आणि माझ्या पायांत कॉलेजातली चप्पल. तिथून मला दिसत राहिलं ते एवढंच: धुळीत पुढं सरकणारा कळप, त्याच्यामागं खांद्यावर काठी घेतलेला बिरा, आणि त्याच्यापुढं पांढऱ्या बुटांवर उलटा चालत जाणारा महाराष्ट्राचा मोठा रॅपर. विकास ओळ टाकत होता, बिरा उचलत होता. एकही ओळ त्यानं खाली पडू दिली नाही.